हुकमाची एक ओळ

गृहस्थांचं घरात कुणी ऐकत नसे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. बायको ऐकत नसे, कारण ती स्वतः बोलत असे. मुलगी ऐकत नसे, कारण ती दुसऱ्या शहरात नोकरीला होती. ऐकत असत ती फक्त बटणं. ऑफिसात गेली सव्वीस वर्षं गृहस्थ एकच काम करत आले होते: कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर जे जे दिसतं, त्याला हुकूम सोडायचे. बटणा, लाल हो. चौकटी, लपून बस. अक्षरांनो, या बाहेर, आणि रांगेत उभी राहा. आणि खरोखर उभी राहायची हो! उलट उत्तर नाही, 'बघते मग' नाही. माणसाला दिवसातून आठ तास असा मान मिळाला की उरलेले सोळा तास तो कसेही काढतो.

तसे अपघात व्हायचे. मागच्या वर्षी एका कॉलेजच्या प्रवेशाची स्क्रीन गृहस्थांनी केली. प्रवेश नाकारला की लाल पाटी दाखव, हा हुकूम दिला. प्रवेश मिळाला की 'अभिनंदन' दाखव, हाही दिला. फक्त 'अभिनंदन' दाखवताना आधीची लाल पाटी लपव, हे सांगायचं राहून गेलं. मग काय, पहिल्या यादीत नाकारलेल्या आणि दुसऱ्या यादीत घेतलेल्या मुलांना वर 'अभिनंदन' आणि खाली 'प्रवेश नाकारण्यात आला आहे' असं एकदमच दिसायला लागलं. त्यातला एक मुलगा अजून वर्गात बसतो, आणि त्याला उठवावं की बसू द्यावं यावर पत्रव्यवहार चालू आहे.

ऑफिसातल्या मॅडमनी तेव्हाच ठरवलं असावं. मॅडम म्हणजे गृहस्थांच्या साहेब, वयाने त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान, आणि राहायला त्यांच्याच इमारतीत, चौथ्या मजल्यावर. साहेब एकाच लिफ्टने वरखाली करत असला की माणसाचं सुटलेलं पोटसुद्धा आत ओढलेलं राहतं. मॅडमनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की आता जुनी पद्धत बंद. आता नवी भाषा. तिच्यात कसं करायचं ते सांगायचं नाही, काय दिसायला हवं तेवढं सांगायचं. जुन्या पद्धतीला इम्परेटिव्ह म्हणतात, नवीला डिक्लरेटिव्ह.

"म्हणजे हुकूम द्यायचाच नाही?" गृहस्थांनी विचारलं.

"नाही."

"मग ऐकणार कोण?"

मॅडम हसल्या आणि पुढचं सांगायला लागल्या. नव्या कामासाठी सहा जणांची एक टीम होणार होती. ज्यांना ही भाषा जमणार नाही, त्यांच्यासाठी तळघर होतं. तिथे जुन्या प्रोग्रामांची कागदपत्रं पोत्यांत भरून ठेवलेली होती, आणि त्यांना क्रमांक घालायचे होते. गृहस्थांच्या निवृत्तीला सहा वर्षं होती. सहा वर्षं पोत्यांत! नुसत्या विचाराने त्यांना शिंका यायला लागल्या.

नेमक्या त्याच आठवड्यात इमारतीची मीटिंग भरली. विषय नेहमीचाच, पाणी. गच्चीवरची टाकी मधूनच रिकामी व्हायची, मग सेक्रेटरी खाली फळ्यावर 'पाणी नाही' असा कागद लावायचे, आणि पाणी आलं तरी तो काढायला विसरायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींनी तो कागद वाचून तीन दिवस आंघोळ केली नव्हती, आणि नळ चालू होता. मावशी तावातावाने हे सांगत असताना गृहस्थ एकदम उभे राहिले.

"मी करून देतो," ते म्हणाले. "खाली एक स्क्रीन लावू. टाकीत पाणी आहे की नाही, ते तिच्यावर दिसेल. माझा सव्वीस वर्षांचा अनुभव आहे."

मागच्या खुर्चीवरून मॅडमचा शांत आवाज आला. "छान. नव्या पद्धतीने करा. आठ दिवस ती स्क्रीन खोटं बोलली नाही, तर टीममध्ये पहिलं नाव तुमचं. बोलली, तर तळघर. चालेल?"

सगळी इमारत वळून बघत होती. अशा वेळी माणूस 'चालेल' म्हणतो. गृहस्थही म्हणाले.

त्या रविवारी मुलीला फोन लावला. ती हीच नवी भाषा रोज लिहायची.

"बाबा, सोपंय," ती म्हणाली. "रंगाला 'आता लाल हो' असं सांगायचंच नाही. रंग कशावरून ठरतो ते एकदाच लिहून ठेवायचं. टाकी रिकामी असेल तर लाल, नाहीतर हिरवा. अक्षरं रंगावरून ठरतील: लाल असला तर 'पाणी नाही', हिरवा असला तर 'पाणी आहे'. झालं. टाकीत प्लंबरकडून तरंगता फ्लोट बसवून घ्या, तो खाली गेला की रंग आपला आपण बदलेल."

"पण कधी बदलायचं, ते त्याला कोण सांगणार?"

"कुणीच नाही. तो टाकीशी बांधलेला आहे ना."

"असं कसं? सांगितल्याशिवाय जगात काही होतं का?"

"ह्या घरात रोज होतं," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

गृहस्थांनी तिकडे दुर्लक्ष केलं. पण मुलीला तो धागा सापडला. "बरोबर बाबा, आईसारखं! आई तुम्हाला म्हणते का, की आधी फडकं घ्या, मग ओलं करा, मग पिळा? ती म्हणते, मला ओटा स्वच्छ दिसला पाहिजे."

"हो, आणि त्यामुळेच मला काही कळत नाही," गृहस्थ कळवळून म्हणाले.

"आणि एक नीट ऐका हं. मधेच स्वतः हुकूम देऊन रंग बदलायचा मोह झाला, तर आवरा. तुम्ही हुकूम दिलात की ते मुकाट्याने ऐकेल. पण टाकीशी जी गाठ बांधलीय ती सुटेल. मग पुढे टाकीत काही होवो, रंग तुम्ही शेवटचं सांगितलं तिथेच बसून राहणार."

"हो हो हो," गृहस्थ म्हणाले. एका 'हो'ला अर्थ असतो. तीन लागोपाठ आले की समोरच्याने ओळखावं.

आता स्क्रीन भिंतीवर टांगायची म्हणजे एक खिळा ठोकायचा, एवढंच काम. पण भिंत लिफ्टला लागून होती, तेव्हा लिफ्टच्या कंपनीची परवानगी हवी, असं सेक्रेटरींचं म्हणणं पडलं. गृहस्थ दोनदा त्यांच्या ऑफिसात जाऊन बसले. कंपनीने लेखी दिलं की भिंत आमची नाही. सेक्रेटरींनी चष्मा लावून ते पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "भिंत त्यांची नाही हे कळलं. पण परवानगी कुठे आहे?" गृहस्थ पुन्हा गेले. कंपनी म्हणाली, जी भिंत आमची नाही तिची परवानगी आम्ही कशी देऊ? शेवटी स्क्रीन स्टुलावर ठेवली. स्टुलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली कंपनीचं पत्र घडी करून घातलं.

मग आले सल्ले. सेक्रेटरी म्हणाले, "अक्षरांभोवती चौकट हवी. अक्षरांपेक्षा चार बोटं मोठी. नाहीतर गुदमरल्यासारखी वाटतात." पहिल्या मजल्यावर दातांचे डॉक्टर होते. त्यांनी स्क्रीन दिलेली, तेव्हा त्यांनाही बोलायचा हक्क. ते म्हणाले, "चौकट पूर्ण भरली पाहिजे अक्षरांनी. फट दिसली की माझा हात शिवशिवतो." गृहस्थांना कुणाला दुखवायचं नव्हतं. नव्या भाषेत फक्त काय हवं तेवढं सांगायचं असतं ना? त्यांनी दोन्ही सांगितलं. चौकट अक्षरांहून चार बोटं मोठी. अक्षरं चौकटीएवढी.

स्क्रीन चालू केली. अक्षरं चौकटीएवढी झाली. चौकट अक्षरांहून चार बोटं मोठी झाली. मग अक्षरं चौकटीएवढी झाली. सगळे कौतुकाने बघत होते आणि 'पाणी आहे' हळूहळू फुगत होतं. आधी 'आहे' बाहेर गेलं, मग 'णी' गेली, आणि पाच मिनिटांत त्या स्क्रीनवर 'पा'चा एक काना तेवढा उरला, वरपासून खालपर्यंत हिरवागार.

"खांब छान काढलाय," मावशी म्हणाल्या. "पण पाण्याचं काय?"

मुलगी फोनवर इतकी हसली की तिच्या ऑफिसातले लोक जमा झाले. "बाबा, दोघंही एकमेकांकडे बघतायत. एकाने तरी स्वतःचं काहीतरी ठरवायला नको का?" गृहस्थांनी अक्षरांचं माप कायम केलं. डॉक्टरांना फट दिसली, ते दोन दिवस बोलले नाहीत. पण स्क्रीन ताळ्यावर आली, आणि सोमवारी सकाळी मॅडमनी लिफ्टपाशी घड्याळ बघून सांगितलं, "आजपासून आठ दिवस. पुढच्या सोमवारी मोठे ग्राहक येणार आहेत. त्यांना तुमचीच स्क्रीन दाखवायचा विचार आहे."

आणि काय सांगू, चालली की हो स्क्रीन! टाकी खाली गेली, लाल. पंप चालू झाला, हिरवा. लोक जाता-येता बघायचे, बादल्या भरून ठेवायचे. भांडणं थांबली. सोमवार गेला, मंगळवार गेला, बुधवार गेला. गृहस्थांनी खरं म्हणजे आनंदात असायला हवं होतं.

पण त्यांना करमेना. रोज सकाळी ते खाली जाऊन स्क्रीनपुढे उभे राहायचे. डोळ्यांदेखत ती लाल असलेली हिरवी व्हायची, आणि त्यांना विचारायचीसुद्धा नाही. सव्वीस वर्षं एकही रंग त्यांच्या परवानगीशिवाय बदलला नव्हता. इथे हुकूम नाही, सलाम नाही, काही नाही. घरात जे चालायचं तेच आता इथेही. शुक्रवारी मावशींनी पिशवी खाली ठेवून चौकशी केली, "हे सगळं आपलं आपण होतं?"

"हो," गृहस्थ छाती पुढे काढून म्हणाले.

"मग तुम्ही काय केलंत?"

मावशींनी सहज विचारलं होतं, पण गृहस्थांना ते फार लागलं. त्या दिवशी जेवताना त्यांनी भात घेतलाच नाही. बायकोने दोनदा विचारलं, बरं नाही का म्हणून.

आणि शनिवारी सकाळी सेक्रेटरींचा फोन आला. टाकी धुवायला माणसं आली होती. टाकीच्या तळाशी थोडं पाणी ठेवून, नळांचा मुख्य कॉक बंद करून ते अर्धा तास घासणार होते. "फ्लोटला वाटेल पाणी आहे, पण नळाला येणार नाही," सेक्रेटरी म्हणाले. "तेवढा वेळ स्क्रीनवर 'पाणी नाही' असं करता येईल का तुम्हाला?"

करता येईल का! गृहस्थांच्या अंगात वीज संचारली. मुलीला फोन करून विचारता आलं असतं. कॉक बंद आहे की चालू, हेही त्या नियमातच लिहिता आलं असतं. पण सहा दिवसांचा उपास होता हो. त्यांनी लॅपटॉप उघडला, बोटं मोडली आणि एकच ओळ लिहिली: रंग, लाल हो. झर्रकन लाल झाला. गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी आलं. अर्ध्या तासाने दुसरी ओळ: रंग, हिरवा हो. झाला! काय आज्ञाधारक! दुपारी जेवताना त्यांनी भात मागून घेतला.

रविवारी पाणी होतं आणि स्क्रीन हिरवी होती. त्यामुळे काही कळायचं कारणच नव्हतं.

सोमवारी पहाटे गच्चीवरच्या पंपाचा फ्यूज उडाला. सहाच्या सुमाराला टाकीने तळ गाठला. खाली स्क्रीन हिरवीगार. साडेसहाला दातांच्या डॉक्टरांनी खाली डोकावून हिरवा रंग बघितला, आणि लवकर आलेल्या पेशंटच्या तोंडात माप घ्यायचा लगदा भरला. मावशींनी हिरवा बघून अंगाला साबण लावला. आणि फिरून आलेल्या मॅडमनी लिफ्टपाशी हिरवा बघितला, समाधानाने मान हलवली, वर जाऊन केसांना रंग लावला आणि घड्याळ लावून बसल्या. अर्ध्या तासाने धुवायचा होता. अकराला ग्राहक यायचे होते.

सात वाजता सगळी इमारत खाली होती. साबणाचा फेस, पंचे, टॉवेल, एक अर्धी दाढी. पेशंट तोंड उघडं ठेवून काहीतरी म्हणत होता. ते कुणाला कळत नव्हतं, पण चांगलं नसावं. मॅडम डोक्याला प्लास्टिकची पिशवी बांधून सगळ्यात पुढे. आणि त्यांच्यासमोर स्टुलावर ती स्क्रीन, शांतपणे सांगत होती: पाणी आहे.

"दोन बाटल्या पिण्याचं पाणी आहे माझ्याकडे," सेक्रेटरी म्हणाले.

"द्या इकडे," मॅडम म्हणाल्या. पण डॉक्टरांनी त्या आधीच घेतल्या होत्या, आणि पेशंटच्या तोंडाकडे बघून कुणाला नाही म्हणवेना.

प्लंबर फ्यूज बदलून खाली आला. टाकी भरायला अजून दीड तास होता. सेक्रेटरींनी त्याला तिथेच धरलं. "तुमचा फ्लोट अडकला! आठवड्यापूर्वीच बसवलाय तुम्ही. आजपासून ह्या इमारतीत पाऊल टाकायचं नाही."

"साहेब, फ्लोट चांगला आहे. आत्ता हात लावून बघून आलो."

"मग स्क्रीन हिरवी कशी? बोला!"

सगळे गृहस्थांकडे वळले. गृहस्थांना केव्हाच कळलं होतं. तीन 'हो' म्हणताना जे ऐकलं नव्हतं, ते आता शब्दनशब्द ऐकू येत होतं. गाठ सुटली होती. पंचा सावरत सेक्रेटरी म्हणाले, "तुम्हीच सांगा मॅडमना. फ्लोटचाच दोष ना?"

मान हलवायची होती फक्त. मान हलवली असती तर टीममध्ये पहिलं नाव लागलं असतं. नाही हलवली तर पोती, सहा वर्षं. प्लंबर हातातल्या जळक्या फ्यूजकडे बघत नुसता उभा होता. गृहस्थांनी काखेतला लॅपटॉप काढला आणि स्टुलाशेजारी जमिनीवरच बसले.

"फ्लोट चांगला आहे," ते म्हणाले. "शनिवारी मी मधेच हुकूम दिला होता. द्यायचा नसतो. हौस म्हणून दिला. त्यामुळे स्क्रीन टाकीकडे बघायचीच थांबली. बघा."

त्यांनी शनिवारच्या त्या दोन ओळी पुसल्या, पहिला नियम होता तसा परत लावला, आणि त्याच क्षणी स्क्रीन लालभडक झाली. पाणी नाही. हे तोवर सगळ्यांनाच माहीत होतं, पण निदान तिलाही कळलं. प्लंबरने एकदा गृहस्थांकडे बघितलं आणि हत्यारांची पिशवी खांद्याला लावली. सेक्रेटरी पुटपुटले, "येत जा तुम्ही, येत जा." मॅडमच्या डोक्यावरच्या पिशवीखालून एक काळा ओघळ कपाळावर आला होता, तो पुसून त्या जिन्याने वर गेल्या.

दहाला गृहस्थ ऑफिसात पोचले ते टेबलाचा खण रिकामा करायच्याच तयारीने. डबा, चष्म्याचं घर आणि शिंकांसाठी चार रुमाल त्यांनी एका पिशवीत भरले. बायकोला सकाळी सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "खरं बोललात ना? मग पोती तर पोती. मी डब्यात गोड घालते."

साडेदहाला मॅडमनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. दार उघडून त्या आत आल्या आणि चाळीस माणसांचा श्वास अडकला. अर्ध्या तासाचा रंग अडीच तास राहिला होता. केस जांभळे झाले होते. थोडेथोडके नाहीत, वांग्यासारखे, तकतकीत. दोन्ही कानांच्या पाळ्याही त्यात आल्या होत्या.

"नवी भाषा शिकताना मधेच एखादा हुकूम दिला तर काय होतं, असं मला गेल्या आठवड्यात तुमच्यापैकी चौघांनी विचारलं," मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांनी माझ्याकडे नीट बघून घ्या. हे होतं."

मागच्यांनी टाचा उंचावून बघितलं.

"आणि हा चोरटा हुकूम तुम्ही सगळेच कधी ना कधी देणार आहात. दिल्यावर फ्लोटवर ढकलणार आहात. म्हणून टीममध्ये पहिलं नाव ह्यांचं." त्यांनी गृहस्थांकडे बोट दाखवलं. "तुमच्यातला प्रत्येक जण काय लिहितो, ते हे तपासतील. कुठे मोह होतो ते ह्यांना कळतं, आणि झालेला सांगताही येतो."

गृहस्थांच्या हातातली पिशवी खाली पडली. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण नेमका तेव्हाच खिडकीतून ऊन मॅडमच्या डोक्यावर आलं आणि ते डोकं निळंजांभळं चमकलं. चाळीस जणांनी गाल आत ओढून धरले.

"आणि कुणीही हसायचं नाही," मॅडम कडाडल्या. "हा हुकूम आहे!"

तो कुणीही पाळला नाही. सगळ्यात आधी गृहस्थच फुटले, आणि त्यांच्या मागोमाग, जांभळ्या कानांपर्यंत, मॅडम.